वणव्याशी झुंजणारी विमाने व त्यांच्या प्रतिकृती



आमच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लागला, त्याच दिवशी एका वयोवृद्ध स्नेह्यांनी आम्हांला वाटेत गाठले आणि विचारले, "अहो, ह्या वयात खेळणी कसली करता? आणि केलीत ती केलीत, वर त्यांच्यावर तासभर बोलणार?" त्यांच्या प्रश्नात थट्टा होती, पण राग नव्हता. म्हणून आम्ही त्यांना म्हटले, "आपण व्याख्यानाला या. तासाअखेरही ती खेळणीच वाटली, तर आम्ही ती आपल्या नातवंडांना देऊन टाकू." ते आज समोर बसले आहेत, त्यामुळे आमच्यावर जबाबदारी जरा जास्तच आहे.

आपल्यासमोरच्या ह्या टेबलावर चार विमाने मांडली आहेत. चारही आगीशी झुंजणाऱ्या विमानांच्या प्रतिकृती आहेत. शहरातल्या घराला आग लागली तर बंब येतो. पण डोंगरच्या डोंगर पेटले, रस्ता नाही, पाण्याचा नळ नाही, अशा ठिकाणी बंब कुठून येणार? तिथे पाणी आकाशातून न्यावे लागते. ते काम करणारी ही विमाने. ह्यांतले कोणतेही फारसे देखणे नाही, आणि युद्धातल्या विमानांभोवती असते तसले वलयही ह्यांच्याभोवती नाही. तरीही गेली काही वर्षे आमच्या रात्री ह्यांनीच खाल्ल्या आहेत. का, ते सांगण्याचा आज प्रयत्न करतो.

प्रथम खेळणे आणि प्रतिकृती ह्यांतला भेद सांगितला पाहिजे. खेळणे विमानासारखे दिसले की पुरे. प्रतिकृतीला मात्र जाब द्यावा लागतो. ही खिडकी इथे का? हा डाग लाल का? हे दार दुहेरी का? खऱ्या विमानात प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी असते. ती कशासाठी आहे हे कळल्याशिवाय ती नीट करताच येत नाही. हात अडतो तेव्हा डोके चालवावे लागते. प्रतिकृती करणे हा आमच्या मते वाचनाचाच एक प्रकार आहे. फरक इतकाच, की इथे पुस्तक आपण स्वतः कानशीने घासून तयार करायचे असते.

बहात्तरात एक

ह्या प्रतिकृती बहात्तरात एक ह्या प्रमाणात आहेत, म्हणजे खऱ्या विमानाचे ७२ सेंटिमीटर इथे एक सेंटिमीटर होतात. हा ७२चा आकडा कुणाला विचित्र वाटेल. त्याचे मूळ फुटाइंचांत आहे. सहा फूट म्हणजे ७२ इंच. सहा फुटी माणूस एक इंचाचा केला की हे प्रमाण आपोआप येते. दुसरे प्रचलित प्रमाण अठ्ठेचाळिसात एक. त्यात पाव इंचाला एक फूट धरतात. आज जवळजवळ सारे जग मिलिमीटरांत मोजते, पण छंदाच्या दुनियेत इंग्रजी फूटपट्टी अजून अशी लपून बसलेली आहे.

हे प्रमाण फार निष्ठुर असते. दोन भाग जोडताना एका मिलिमीटरची फट राहिली, तर ती खऱ्या विमानात सव्वासात सेंटिमीटरांची फट झाली. त्यात हाताची मूठ सहज जाईल. असे विमान कोण उडवील? म्हणून पुट्टी भरायची, वाळू द्यायची, पॉलिश पेपरने पाण्याखाली घासायची, पुन्हा बघायचे, पुन्हा भरायची. छंदाचा निम्मा वेळ ह्यातच जातो. रंगाचेही तसेच. ही प्रतिकृती आपण हातभर अंतरावरून पाहतो, म्हणजे खरे विमान सुमारे पस्तीस-चाळीस मीटरांवरून पाहिल्यासारखे झाले. इतक्या अंतरावर कोणताही रंग थोडा फिका दिसतो. म्हणून डब्यातला पिवळा तसाच लावला तर विमान जत्रेतल्या पत्र्याच्या मोटारीसारखे भडक दिसते. त्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो.

लांबी बहात्तर पटींनी लहान होते, हे सर्वांच्या ध्यानात येते. पण आकारमानाचे काय? ते ७२ गुणिले ७२ गुणिले ७२, म्हणजे ३,७३,२४८ पटींनी लहान होते. आता हा चमचा पाहा. चहाचा साधा चमचा आहे, पाच मिलिलिटरांचा. कॅनडात तयार झालेले हे पिवळे विमान, कॅनडेअर सीएल-२१५, खऱ्या रूपात सुमारे ५,३४६ लिटर पाणी नेते. त्याला त्या मोठ्या संख्येने भागले तर उरतात सुमारे चौदा मिलिलिटर. म्हणजे हे तीन चमचे, तेही शेवटचा भरून नाही. हे पाहा, मी ते ह्या ताटलीत ओततो. एवढे पाणी घेऊन हे विमान पेटलेल्या डोंगराकडे जाते. आणि आगीचा डोंगर आपण त्याच प्रमाणात मांडायचा म्हटला, तर हे सभागृह पुरणार नाही.

श्रोतेहो, आमचे डोळे प्रथम उघडले ते ह्या हिशेबाने. विमान येते, पाणी टाकते आणि वणवा विझतो, असे आम्हीही समजत होतो. तसे नाही. विमान आग विझवीत नाही, ते वेळ मिळवून देते. जमिनीवर माणसे असतात. ती झाडेझुडपे तोडून, माती उकरून आगीच्या वाटेत मोकळा पट्टा काढीत असतात. आगीचा जोर घटकाभर कमी झाला तर त्यांचा पट्टा पुरा होतो. नाही झाला तर त्यांना पळावे लागते, आणि कधी पळायलाही वाट राहत नाही. वरच्या विमानाचे सारे मोल खालच्या माणसांवरून ठरते.

दोरीने उघडणारे दार

टेबलाच्या डाव्या टोकाला जे दोन मजली पंखांचे लहानसे विमान आहे, ते स्टिअरमन. त्याचा पंखविस्तार पावणेदहा मीटरांच्या आसपास, म्हणजे इथे साडेतेरा सेंटिमीटर. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने शिकाऊ वैमानिकांसाठी अशी विमाने हजारोंनी बांधली. युद्ध संपल्यावर ती स्वस्तात विकली गेली आणि शेतांवर औषध फवारू लागली.

कॅलिफोर्नियात मेंडोसिनो नावाचे राष्ट्रीय वन आहे. तिथे १९५३च्या जुलै महिन्यात एका वणव्यात, वाऱ्याने दिशा बदलल्यामुळे, आग विझवणारी १५ माणसे सापडून मेली. त्याच वनाचे अग्निनियंत्रण अधिकारी जो इली ह्यांनी पुढे जवळच्या विलोज गावच्या फवारणी करणाऱ्या वैमानिकांना विचारले, की तुमच्या विमानातून आगीवर पाणी टाकता येईल का? त्या वैमानिकांनी स्टिअरमनच्या पोटाला भोक पाडून एक दार बसवले आणि ते उघडायला दोरी लावली. टाकी १७० गॅलनांची, म्हणजे सुमारे ६४० लिटरांची होती. १२ ऑगस्ट १९५५ रोजी व्हान्स नोल्टा ह्या वैमानिकाने ह्या विमानातून मेंडेनहॉल येथील वणव्यावर पाणी टाकले. पुढच्याच वर्षी अशा सात विमानांचे पथक उभे राहिले.

ही प्रतिकृती करायला सोपी. संच सहज मिळतो, भाग थोडे. आम्ही पोटाला ते दार कोरले आणि दोरीसाठी ताणून बारीक केलेला प्लॅस्टिकचा तंतू लावला. तो मेणबत्तीच्या आचेवर तापवून ओढला की केसासारखा होतो. दार चिमुकले आहे, बारकाईने पाहिल्याशिवाय दिसत नाही. पण आज जगभर जी मोठमोठी विमाने हे काम करतात, त्या सर्वांचे घराणे ह्या दारापाशी येऊन पोचते. ह्या विमानाचे सहाशे चाळीस लिटर आमच्या प्रमाणात पावणेदोन मिलिलिटर होतात, म्हणजे डोळ्यांत औषध घालायच्या नळीने पस्तीसएक थेंब! वणव्यावर पस्तीस थेंब टाकायला निघालेल्या माणसांना लोकांनी हसले असते तर नवल नव्हते.

तोफा काढा, टाकी बसवा

छोट्या विमानांची मर्यादा लवकरच कळली आणि लोकांची दृष्टी युद्धात वापरलेल्या बाँबफेकी विमानांकडे वळली. विचार अगदी सरळ होता. जे विमान पोटात बाँब नेते, ते पाणीही नेईल. बाँब टाकायला पोट उघडते, तेच पाणी टाकायला उघडेल. चार इंजिनांच्या बी-१७ ह्या प्रसिद्ध विमानात अशा टाक्या बसल्या. ग्रुमन ॲव्हेंजर हे पाणतीर टाकणारे विमान तर ह्या कामाला फारच सोयीचे, कारण आख्खा पाणतीर मावावा म्हणून त्याचे पोट मुळातच मोठे केलेले. जून १९४२मध्ये मिडवेच्या लढाईत हे विमान प्रथम लढले. त्याच जातीची विमाने पुढे कॅनडातल्या न्यू ब्रन्सविक प्रांतात स्प्रूसच्या झाडांवर पडणाऱ्या अळ्यांवर औषध फवारीत होती आणि वणव्यावर पाणी टाकीत होती.

टेबलावरचे दुसरे विमान हे ॲव्हेंजर. ह्याची गंमत अशी, की दुकानात मिळतो तो संच युद्धातल्या विमानाचा. त्यात बंदुका आहेत, पाठीवर काचेचा फिरता बुरूज आहे, पाणतीर आहे, नौदलाची चिन्हे आहेत. तेव्हा खऱ्या कारखान्यातल्या कारागिरांनी जे केले, तेच आपल्याला टेबलावर करावे लागते. आम्ही प्रथम बंदुका बाजूला ठेवल्या. बुरजाची काच काढली. त्या ठिकाणी राहिलेल्या भोकावर प्लॅस्टिकचा पातळ पत्रा बसवून पाठ सलग केली. पंखांतली बंदुकांची भोके पुट्टीने बुजवली. पाणतीर डबीत गेला. मग पोटातल्या कप्प्यात टाकी बसवली. ती खाली थोडी फुगीर दिसते. सरतेशेवटी शेपटीवर मोठा आकडा घातला. हा आकडा शोभेचा नसतो. आगीवर एकाच वेळी अनेक विमाने घिरट्या घालतात. धुरातून एखादे दिसले की रेडिओवर त्याला चटकन हाक मारता आली पाहिजे, म्हणून तो दुरून वाचता येईल एवढा मोठा असतो.

एका रात्री बंदुकीचे भोक बुजवताना आमच्या मनात आले, की शस्त्राचे अवजार करणे ही गोष्ट आपण व्यासपीठावरून अनेकदा ऐकतो, पण ती करायची म्हणजे कुणीतरी बसून ही भोके बुजवावी लागतात. ह्याहून अधिक तत्त्वज्ञान त्या रात्री सुचले नाही. पुट्टी वाळत होती.

इथे डागांविषयी एक शब्द. बाजारात मिळणाऱ्या छायाचित्रांत अशा विमानांची पोटे लालसर, गुलाबी डागांनी माखलेली दिसतात. हे डाग गंजाचे किंवा रक्ताचे नव्हेत. चाकांवर उतरणारी ही विमाने बहुधा साधे पाणी टाकत नाहीत, अग्निरोधक द्रव टाकतात. प्रारंभी त्यात बोरेट हे क्षार वापरीत, त्यावरून ह्या विमानांना बोरेट बाँबर असेच नाव पडले. पुढे त्या क्षारांनी जमिनीत काही उगवेनासे होते असे दिसले, म्हणून ते मागे पडले आणि अमोनियम फॉस्फेटसारखी, खतांच्या जातीची द्रव्ये आली. त्यांत लोहाचे ऑक्साइड, म्हणजे आपल्या गेरूचाच भाऊ, मिसळतात. तो आगीसाठी नसतो, वैमानिकासाठी असतो. आधीच्या विमानाने पट्टा कुठवर ओढला हे वरून दिसावे, म्हणजे पुढच्याने तिथून पुढे ओढावा. हा द्रव आगीच्या ज्वाळांवर टाकीत नाहीत. तिच्या वाटेवर, पुढे टाकतात. हे कळले म्हणजे डाग कुठे द्यायचे तेही कळते. दारापासून मागे, वाऱ्याच्या दिशेने. विमानाच्या नाकावर लाल रंग उडवणारा कारागीर स्वतःचे अज्ञानच रंगवीत असतो.

मोहरीएवढे तोंड

आता तिसरे विमान, पिवळे आणि लाल. हे मात्र जुन्या बाटलीत नवे पाणी नव्हे. हे जन्मापासून ह्याच कामासाठी घडवलेले आहे. कॅनडेअर सीएल-२१५ पहिल्यांदा २३ ऑक्टोबर १९६७ रोजी उडाले. कॅनडाचा क्वेबेक प्रांत आणि फ्रान्स हे त्याचे पहिले गिऱ्हाईक. अशी १२५ विमाने बांधली गेली. पुढे १९९३मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती सीएल-४१५ उडाली. ती ६,१३७ लिटर पाणी नेते. दोन्ही ओळखायची सोपी खूण म्हणजे इंजिने. २१५ची इंजिने गोल, बोथट तोंडाची, प्रत्येकात अठरा नळकांडी, ४१५ची निमुळती. फ्रान्समधल्या हेलर ह्या कारखान्याने ह्या विमानाचा बहात्तरात एक प्रमाणाचा संच काढला, तोच हा. पंखविस्तार खरा २८.६ मीटर, इथे जेमतेम चाळीस सेंटिमीटर. नाकात शिशाचे छर्रे घातले आहेत, नाही तर अशी तीनचाकी विमाने शेपटीवर बसण्याची भीती असते.

ह्याचा तळ पाहा, नावेसारखा आहे आणि मध्ये एक पायरी आहे. ओली काच टेबलाला चिकटते, तसे पाणी नावेच्या तळाला धरून ठेवते. पायरीमुळे पाण्याची ती पकड सुटते आणि विमान वर उचलले जाते. ह्या पायरीच्या मागे दोन लहान तोंडे आहेत. हे विमान पाणी भरायला थांबत नाही. ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने ते तळ्यावर किंवा समुद्रावर टेकते, ती दोन तोंडे खाली काढते, सुमारे बारा सेकंद पाण्यावरून घसरत जाते आणि भरलेल्या टाक्यांसह पुन्हा उडते. ह्याला पंप नाही. वेगच पंपाचे काम करतो.

ती तोंडे केवढी करावीत ह्यावर आम्ही अडलो. संचातली आम्हांला मोठी वाटत होती, आणि खात्री कशी करावी कळेना. शेवटी कागद घेतला. बारा सेकंदांत ५,३४६ लिटर, म्हणजे सेकंदाला ४४५ लिटर. पाण्याचा वेग सेकंदाला ३६ मीटर. भागाकार केला तर दोन्ही तोंडांचे मिळून क्षेत्र सव्वाशे चौरस सेंटिमीटरांच्या घरात आले. एकेक तोंड म्हणजे आठ सेंटिमीटर बाजूचा चौकोन. बहात्तरांनी भागा: एक मिलिमीटरहून किंचित जास्त. मोहरीच्या दाण्याएवढे! आणि एवढ्याशा तोंडातून पाणी वर चढते कसे? सेकंदाला ३६ मीटर वेगाचे पाणी, वाटेत अडथळा नसेल तर, ६६ मीटर उंच चढू शकते. ज्यांना शाळेतले गणित आठवत असेल त्यांनी वेगाच्या वर्गाला १९.६ने भागून पाहावे. टाकी तर हातभर-दोन हात वर आहे.

ह्या मोहरीने आमची आणखी एक अडचण दूर केली. अशा विमानांविषयी एक दंतकथा जगभर सांगतात. वणवा विझल्यावर जळक्या झाडावर एका पाणबुड्याचे प्रेत सापडले. विमानाने समुद्रातले पाणी घेताना त्यालाही ओढून घेतले आणि डोंगरावर टाकले. आम्हीही ही कथा पूर्वी मोठ्या चवीने सांगितली आहे. आठ सेंटिमीटरांच्या चौकोनातून माणूस कसा जाईल, हे मोहरी कोरण्यापूर्वी आम्हांला सुचले नव्हते. तेव्हापासून ती कथा सांगणे आम्ही बंद केले. मोजमाप घेतले की पुष्कळ कथा अशा आपोआप बंद पडतात.

ह्या विमानावर लाल डाग नाहीत, हे आपल्या लक्षात आले असेल. ते तळ्यातले पाणी टाकते, फार तर त्यात फेस करणारे द्रव्य मिसळते. त्याचे डाग निराळे: इंजिनामागे काजळी आणि तेल, तळाला पाण्याच्या रेषा, समुद्रावर काम केले असेल तर मिठाचा पांढुरका पुट. पाणी टाकताना ते जमिनीपासून तीस ते पंचेचाळीस मीटरांवर येते. आमच्या प्रमाणात टेबलापासून दोन-अडीच विती वर. त्याहून उंचावरून टाकले तर पाण्याचे तुषार होऊन हवेतच विरतात. फार खालून टाकले तर पाच टनांचा लोंढा झाडे मोडतो आणि माणसांना जखमी करतो. ह्या दोन-अडीच वितींत धूर आहे, तापलेल्या हवेचे धक्के आहेत आणि समोर डोंगर आहे. २५ जुलै २०२३ रोजी ग्रीसमधल्या एव्हिया बेटावर ह्याच जातीचे एक विमान पाणी टाकून वळताना डोंगरावर आदळले आणि दोन्ही वैमानिक गेले. हे लिहिण्याबोलण्यात एक वाक्य होते. प्रतिकृती हातात धरून ती टेबलावर इतक्या खाली आणून पाहिली, म्हणजे त्या वाक्यात किती जागा होती ते कळते.

पंखाचे मूळ

आता ॲव्हेंजरकडे पुन्हा एकदा पाहा. डाव्या पंखाच्या मुळाशी एक बारीक रेघ दिसेल. एका पाहुण्यांनी कौतुकाने विमान पंखाला धरून उचलले आणि पंख त्यांच्या हातात राहिला. बिचारे ओशाळले. आम्ही "काही नाही, काही नाही" म्हणालो, पण आम्हांला जेवण गेले नाही. पंख धडाला मिळतो ती जागा प्रतिकृतीत सर्वांत नाजूक. सगळा भार तिथे येतो.

खऱ्या विमानातही तिथेच येतो. तार घेऊन एकाच जागी मागेपुढे वाकवीत राहिलो तर ती जोर न लावता तुटते, हे आपण लहानपणी सर्वांनी केले आहे. धातूलाही शीण येतो. ह्या विमानांना तो अधिक येतो, कारण आगीवरच्या हवेत धक्के फार, आणि टनावारी द्रव एकदम सुटला की ओझे उतरलेल्या हमालासारखे पंख वर उसळतात. पुन्हा भरणे, पुन्हा उसळणे. त्यातून विमाने जुनी, दुसऱ्याच कामासाठी बांधलेली. १७ जून २००२ रोजी कॅलिफोर्नियात वॉकर गावाजवळ सी-१३०ए जातीचे विमान द्रव टाकीत असताना त्याचे दोन्ही पंख मुळाशी तुटून वर मिटले. तीन माणसे गेली. महिनाभराने, १८ जुलैला, कोलोरॅडोत पीबी४वाय-२ ह्या महायुद्धकालीन विमानाचा पंख तुटला. दोन माणसे गेली. दोन्ही ठिकाणी धातूत आधीपासून पडत गेलेल्या भेगा सापडल्या. २००४ साली अमेरिकी सरकारने अशा ३३ मोठ्या विमानांची कंत्राटे रद्द केली.

ह्यावरून जुनी विमाने वापरणारे सारे बेपर्वा होते, असा निष्कर्ष आम्ही काढीत नाही. भंगारातून त्यांनी जे उभे केले त्याने किती अरण्ये आणि किती घरे वाचली असतील. पण शस्त्राचे अवजार केले म्हणजे त्याचे वय कमी होत नाही, ही गोष्ट विसरली गेली. कौतुकाच्या भरात तपासणी मागे पडते. आमच्या पाहुण्यांचेही तेच झाले, त्यांनी कौतुकाने उचलले. म्हणून आम्ही तो पंख जोडला, पण रेघ मुद्दाम बुजवली नाही.

ज्यांना ह्या विमानांची थोरवी एकाच उदाहरणात पाहायची असेल त्यांनी मार्टिन मार्स ह्या उडत्या नौकांची हकीकत पाहावी. पंखविस्तार ६१ मीटर. आमच्या प्रमाणात ८५ सेंटिमीटर, म्हणून ती आज इथे आणली नाही, आमच्या जिन्यातून उतरत नाही. अमेरिकी नौदलाने निकालात काढलेल्या अशा चार नौका १९५९मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या लाकूड कंपन्यांनी मिळून घेतल्या. एका खेपेला २७,००० लिटरांहून अधिक पाणी. आमच्या चमच्यांनी मोजले तर अर्धा कप चहा. एक १९६१मध्ये पडली, चौघे गेले. दुसरी १९६२च्या वादळात मोडली. उरलेल्या दोघींनी पुढे अनेक दशके काम केले. त्यांतली हवाई मार्स ऑगस्ट २०२४मध्ये व्हिक्टोरियाजवळच्या संग्रहालयात शेवटचे उड्डाण करून गेली, आणि फिलिपिन मार्स २०२५मध्ये ॲरिझोनाकडे संग्रहालयासाठी रवाना झाली. म्हणजे त्यांच्यापुरती आता खऱ्या वस्तूची आणि प्रतिकृतीची जागा एकच झाली: मांडणीतली.

आपल्याकडची बादली

"हे सारे परदेशातले झाले, आपल्याकडे काय?" असा प्रश्न कुणी विचारील. त्याचे उत्तर म्हणून टेबलावर चौथी प्रतिकृती आहे. हे वायुदलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर, आणि त्याखाली दोऱ्याने लोंबणारी ही आवळ्याएवढी नारिंगी पिशवी म्हणजे बांबी बादली. डॉन आर्नी ह्या कॅनेडियन गृहस्थांनी १९८२मध्ये ती काढली. विशेष एवढाच, की ती घडी करून हेलिकॉप्टरात ठेवता येते आणि तळ्यापाशी पोचल्यावर खाली सोडता येते. एमआय-१७ची बादली सुमारे साडेतीन हजार लिटरांची, आमच्या हिशेबाने दोन चमचे. २०१६मध्ये उत्तराखंडातल्या वणव्यांच्या वेळी ह्या हेलिकॉप्टरांनी भीमतालचे पाणी भरून नेले. आणि मार्च २०२३मध्ये आपल्या शेजारी गोव्यात, म्हादई अभयारण्याच्या परिसरात डोंगर पेटले, तेव्हा नौदलाची व वायुदलाची हेलिकॉप्टरे पाणी टाकीत होती. त्यामुळे हा विषय आपल्यापासून वाटतो तेवढा दूर नाही.

ही बादली करायला आम्हांला एक संध्याकाळ लागली, पण दोऱ्या नीट ताठ दिसाव्यात म्हणून तीन आठवडे गेले. भरलेल्या बादलीची दोरी ताठ असते, रिकामीची मागे झुकते. आमची पहिली बादली भरलेली होती आणि दोऱ्या झुकलेल्या होत्या. कुणाच्याही लक्षात आले नसते. आमच्या आले, म्हणून पुन्हा केली.

असो. वेळ होत आली. तरुण श्रोत्यांपैकी कुणाला हा छंद करावासा वाटला, तर आमचे सांगणे थोडके आहे. पहिला संच लहान घ्या, स्टिअरमनसारखा. रंगाची घाई करू नका. जोडण्यापूर्वी प्रत्येक भाग हातात घेऊन तो कशासाठी आहे असे स्वतःला विचारा, आणि उत्तर येईपर्यंत चिकटवू नका. मुलांना जवळ बसू द्या; पंख मोडला तर मोडू द्या.

आता आमच्या स्नेह्यांचा प्रश्न. त्यांना दिलेला शब्द आम्ही विसरलो नाही. ती तीन चमचे पाण्याची ताटली अजून टेबलावर आहे. व्याख्यान संपल्यावर त्यांनी आणि आपण सर्वांनी जवळ येऊन तीत एकदा बोट बुडवून पाहावे, आणि पलीकडे पेटलेला डोंगर मनाशी आणावा. एवढ्या पाण्याच्या भरवशावर माणसे त्याच्याकडे जातात. त्यानंतरही ही खेळणी वाटली, तर चारही विमाने त्यांच्या नातवंडांची. फक्त पंखाला धरून उचलू नये, एवढी विनंती.